निगेटिव्हबाबा

पाणी गुलाबी झालं आणि शिवणाच्या कारखान्यातल्या सगळ्या बायकांनी एकदम हात जोडले. मशिनी बंद होत्या. कोणी कापडाच्या गठ्ठ्यांवर चढली होती, कोणी टाचा उंचावून बघत होती.

"उतरलं! विष उतरलं!" निगेटिव्हबाबा गरजला. "पॉझिटिव्ह गेलं, निगेटिव्ह आलं!"

हे नाव त्याला लोकांनीच दिलेलं. कुठे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरची तपासणी झाली, की मागोमाग हा हजर. जिचा रिपोर्ट पॉझिटिव्ह, तिने आधी 'शुद्धिजला'त हात बुडवायचा, मग 'सत्यजला'त. सत्यजल गुलाबी झालं की ती बरी! वर दम असा, "आता दवाखान्यात गेलात तर लोखंड लागून विष अंगभर पसरेल."

माझी थोरली बहीण याच्याच नादी लागून जिवानिशी गेली. तिचंही पाणी गुलाबीच झालं होतं. ती हसत घरी आली आणि डॉक्टरांकडे पुन्हा फिरकलीच नाही. आम्हाला कळेपर्यंत कॅन्सर पसरला होता. म्हणून मी, एक शाळामास्तरीण, आज इथे आले होते. मला या माणसाची जिरवायची होती.

रांगेत पुढे माझी धाकटी जाऊ उभी होती. तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बोलावलं होतं.

"मी नाही जायची, जाऊबाई," ती म्हणाली. "तिथे कापाकापी करतात. इथे नुसता हात बुडवायचा. आणि मागच्या खेपेच्या बायका खरंच निगेटिव्ह झाल्या ना?"

झाल्या होत्या. त्याच्याच जोरावर तर याचं दुकान चालत होतं.

मी तिला मागे सारलं आणि पुढे झाले. "बाबा, आधी तुम्ही हात बुडवून दाखवा."

"मला कशाला? मी पुरुषमाणूस!"

मी त्याचं मनगट धरलं, हात पहिल्या भांड्यात खुपसला आणि तसाच ओला दुसऱ्यात, पुढच्या बाईसाठी नव्याने भरलेल्या सत्यजलात दाबला. पाणी गुलाबी झालं.

"अगं बाई!" काजं करणारी ओरडली. "बाबांनाही पिशवी आहे की!"

हास्याचा असा स्फोट झाला की बाबाचं ओरडणं त्यात बुडून गेलं.

"पहिल्या भांड्यात धुण्याचा सोडा आहे," मी म्हणाले. "दुसऱ्यात फिनॉल्फ्थॅलीन. सोडा लागला की ते गुलाबी होतं. वर्गात मी पोरांना दरवर्षी करून दाखवते."

"मग त्या बायका निगेटिव्ह कशा झाल्या?" जावेने विचारलं.

"अगं, पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. ज्याच्यामुळे पुढे कॅन्सर होऊ शकतो तो विषाणू सापडला, एवढंच. बहुतेकींचं शरीर वर्षा-दोन वर्षांत तो आपोआप घालवतं. श्रेय हा उपटतो! पण काहींच्या अंगात तो ठाण मांडतो आणि तिथल्या पेशी बदलायला लागतात. विषाणू सापडल्यावर तुझी दुसरी तपासणी झाली, तिच्यात तशा पेशी दिसल्यात, म्हणून दुर्बिणीतून बघायला बोलावलंय. वेळेत काढल्या, तर कॅन्सर होण्याआधीच थांबवता येतो."

"माझ्या हाताने कित्येक बऱ्या झाल्या!" बाबा किंचाळला.

"बऱ्या झालेल्या मिरवतोस. तुझ्या पाण्यावर विसंबून मेली, त्या माझ्या बहिणीचं नाव का नाही घेत?"

बायकांनी घेरलं तसे त्याने माझे पाय धरले. मी सत्यजलाचं भांडं उचलून त्याच्या डोक्यावर रिकामं केलं. फार बरं वाटलं. मुकादम बाईंनी दार लावून घेतलं आणि पोलिसांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी जाऊ माझ्याबरोबर दवाखान्यात आली. डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघून बदललेल्या पेशी काढल्या. आता ती ठरल्या वेळी तपासून घेते आणि मशीनवर बसून माझ्याच नकला करते.

बायांनो, तपासणी करून घ्या. रिपोर्टमधल्या एका शब्दाने हादरू नका आणि एका शब्दावर नाचूही नका. काय सापडलं, पुढे काय करायचं, हे डॉक्टरांना विचारा, कळेपर्यंत विचारा. निगेटिव्ह आला तरी पुढची तपासणी चुकवू नका. आणि कोणी पाणी रंगवून दाखवलं, तर आधी त्यालाच हात बुडवायला सांगा.

बाबा तुरुंगातून सुटल्यावर माझ्या घरी माफी मागायला आला होता. मी दार उघडलं, त्याला नीट पाहून घेतलं आणि तोंडावर लावलं.