नो से लेवांते

“नो लेवांतेसे!” सिस्टर दारातूनच ओरडल्या.

खाटेवरून पाय खाली सोडून बसलेल्या म्हाताऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातला चमचा खाटेच्या दांडीवर टण् टण् वाजवला. म्हणजे सिस्टरांचं बोलणं चुकलं. पाय काही वर गेले नाहीत. शेवटी सिस्टरांनीच धरून त्याला आडवं केलं.

तो जहाजावरचा आचारी. मांडीचं हाड मोडलं, तेव्हा जहाज त्याला या बंदरावरच्या इस्पितळात ठेवून पुढे निघून गेलं. त्याला फक्त स्पॅनिश येई, आणि वॉर्डात ती कुणालाच येत नव्हती. हाड बसवलं होतं, पण पुन्हा पडला तर खेळ खलास, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याची मुलगी लांबून यायची होती. ती येईपर्यंत त्याला सांभाळणं सिस्टरांच्या गळ्यात पडलं.

“अगं मावशी, ‘उठा’ला नुसतं ‘नो’ चिकटवून चालत नाही,” घरी भाची म्हणाली. ती क्लासला जाऊन स्पॅनिश शिकत होती. “लेवांतेसे म्हणजे उठा. उठू नका म्हणायचं तर शेपटीचा ‘से’ पुढे आणायचा. नो से लेवांते.”

“बरं. आणि घाबरू नका?”

“नो तेंगा मिएदो. पण सगळं ‘नका’च शिकणारेस का गं?”

“आमच्या कामात तेच लागतं, बाई. हलू नका, खाजवू नका, रडू नका. जन्म गेला त्यात.”

दुसऱ्या दिवशी सिस्टरांनी बरोबर म्हटलं. म्हाताऱ्याने चमचा खाली ठेवला, मान तुकवली आणि शहाण्या मुलासारखे पाय वर घेतले. मग तो खेळच झाला. सिस्टर दिसल्या की तो मुद्दाम पाय खाली सोडी. हुकूम चुकला की टण् टण्, बरोबर आला की आडवा. सिस्टरांना त्याचा लळा लागला होता, उगाच कशाला लपवा.

पुढच्या आठवड्यात ताप छातीत उतरला. आजचा दिवस निघाला तर निघाला, असं डॉक्टर म्हणाले. मुलगी दुपारी पोचणार होती.

सकाळी म्हातारा डोळे उघडे ठेवून निपचित पडला होता. पाय पांघरुणात. सिस्टर पायथ्याशी उभ्या राहिल्या.

“नो लेवांतेसे,” त्या मुद्दाम चुकवून म्हणाल्या.

चमचा हातातच होता, पण हलला नाही. सिस्टर जवळ जाऊन बसल्या.

“नो तेंगा मिएदो,” त्या हळूच म्हणाल्या. त्याने त्यांचं बोट धरून ठेवलं.

दुपारी दारात बॅग टाकून एक बाई धावत आली. “पापा!”

म्हाताऱ्याची मान उशीवरून उचलली गेली, पुन्हा पडली. परत उचलली. सवयीने सिस्टरांच्या ओठांवर ‘नो’ आलं होतं. ते त्यांनी गिळलं. त्याच्या पाठीखाली दोन्ही हात घालून त्यांनी त्याचा सगळा भार आपल्या खांद्यावर घेतला.

“लेवांतेसे,” त्या म्हणाल्या. “उठा, बाबा.”

मुलीने त्याला मिठीत घेतलं. चमचा उशीपाशी पडून राहिला.