मास्तरांचा नंबर

आमचे हे न्हावी. पाल दिसली की स्टुलावर चढणारा माणूस. ह्यांना कुणी शूर म्हटलं तर आधी मीच हसेन. पण दुकानातला नंबर म्हणजे नंबर. सख्ख्या मेव्हण्यालाही मध्ये घुसू दिलं नाही कधी. माझ्या भावाला, हो!

त्या दिवशी शाळेतल्या मास्तरांचा नंबर होता. गालाला फेस लावून झाला, तेवढ्यात पोलिसांनी त्यांना खुर्चीतून उठवून नेलं. गुन्हा काय, तर सभेत उभं राहून विचारलं, "निवडणुका कधी?" त्यांची बायको रोज चौकीवर जायची आणि तेच ऐकून यायची, असा कुणी माणूस आम्ही आणलेलाच नाही. दहाव्या दिवशी माझ्यापाशी बसून म्हणाली, "वहिनी, असतील ना हो ते?" मी तिच्यापुढे चहाचा कप सरकवला.

इकडे ह्यांनी हट्टच धरला. "मास्तरांची दाढी राहिलीय. ती झाल्याशिवाय पुढचा नंबर नाही." म्हटलं, झालं, डोकं फिरलं! पण गिऱ्हाइकंही वस्ताद. बाकावर येऊन बसायची, पेपर वाचायची आणि तशीच घरी जायची. पलीकडच्या गल्लीतल्या न्हाव्यानेही तेच धरलं. महिन्याभरात जिकडेतिकडे दाढ्याच दाढ्या. एकदा तर मी सासऱ्यांनाच दारातून "पुढे जा बाबा" म्हणाले.

मग राजधानीतून मोठे साहेब येणार असल्याची वर्दी आली. स्वागताला सगळे दाढीवाले उभे राहिले तर साहेब कारण विचारणार! फौजदार तणतणत दुकानात आले, खुर्चीत बसले. "कर सुरुवात माझ्यापासून, नाहीतर आत टाकतो!"

ह्यांची पाचावर धारण बसली. कसेबसे म्हणाले, "साहेब, भीतीने हात बघा कसा लटपटतोय. त्यात वस्तरा."

फौजदारांनी हात पाहिला आणि हळूच स्वतःचा गळा चाचपला.

"आत टाकायचं तर टाका," हे म्हणाले, "पण नंबर मास्तरांचाच."

मी दारातून सगळं ऐकत होते. आणि खोटं कशाला बोलू, ह्यांच्यावरून जीव ओवाळून टाकावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी येऊन थांबली. मास्तर उतरले. हातांत बेड्या, अंगाने निम्मे, पण मास्तरच! "दहा मिनिटांत आटप," फौजदार खेकसले. ह्यांनी ती दाढी दीड तास चालवली. तेवढ्यात दुकानासमोर ही गर्दी! घोषणा नाही, दगड नाही, सगळे नुसते उभे.

मास्तरांची बायको पुढे आली. "साहेब, खुर्चीत कोण बसलंय?"

फौजदार छताकडे बघायला लागले. कुणी जागचं हललं नाही. शेवटी पुटपुटले, "मास्तर."

"लिहून द्या."

ह्यांनी लगेच कागद पुढे केला. फौजदारांनी लिहिलं, मास्तर आमच्या ताब्यात आहेत, जिवंत आहेत. खाली सही केली. मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात तिने ते वाचून दाखवलं. मग मास्तरांचे ओले गाल दोन्ही हातांत धरून ती जी रडायला लागली, तिला फौजदारांनीसुद्धा थांब म्हटलं नाही.