ज्या डबलबारला घोडा बांधला

मी एक जुना डबलबार आहे. म्हणजे मित्रांनो, होतो. आता माझा एकच दांडा उरला आहे आणि त्याला घोडे बांधतात. तरी मी माझी ओळख डबलबार अशीच करून देणार. ज्याने मला या दशेला आणले, त्याचे दंड अजून माझ्याच कृपेने फुगलेले आहेत. मग मी माझे नाव का सोडू?

माझा जन्म नारिन प्रांताच्या डोंगरातल्या एका गावात, शाळेमागच्या मोकळ्या जागेत झाला. कोक-बोरू या घोड्यावरच्या खेळाच्या गावच्या संघाचे म्होरके जुमाश यांनी तेव्हा अशार, म्हणजे गावकीचे श्रमदान, बोलावले होते. सगळे त्यांना मानाने बाइके म्हणत. अशार म्हटला की घरटी एक माणूस यायचा, मजुरीचे नाव कोणी काढायचे नाही. कोणी पाटाच्या पाण्याचा मोडका पाइप आणला, कोणी सिमेंट आणले, बायकांनी चहा आणि कणकेचे गरमागरम तळलेले बोर्सोक आणले. जुमाश बाइकेंनी स्वतः वेल्डिंग केले आणि मला निळा रंग दिला. मग तळवे उघडून त्यांनी आशीर्वाद मागितला, "याच्यावर चढणाऱ्याचा हात कझानापाशी दुमडू नये!" सगळ्यांनी चेहऱ्यावरून हात फिरवले. त्या दिवशी मला वाटले, आपल्यासारखा भाग्यवान लोखंडाचा तुकडा दुसरा नाही.

कझानापाशी हात दुमडणे हेच आमच्या गावाचे दुखणे होते. कोक-बोरूत घोड्यावरून वाकून बकऱ्याचे जडशीळ धड उचलायचे, मांडीखाली दाबून घोडा पिटाळायचा आणि समोरच्या संघाच्या गोल कट्ट्यात, म्हणजे कझानात, ते ढकलून द्यायचे. आमची पोरे उचलायची झकास. पण कट्ट्यापाशी प्रतिस्पर्धी अंगावर आले की कोपर वाकायचे आणि धड बाहेरच पडायचे. मग वर्षभर शेजारच्या गावाचे टोमणे ऐकायचे.

"तुम्ही सगळे बेटकुळ्या काढत बसता," जुमाश बाइके ओरडायचे. "आरशात दिसते तेवढीच ताकद का रे? ढकलतो तो दंडाचा मागचा भाग! तो कुठंय तुमचा?"

गावात एर्मेक आणि तिलेक हे दोन जिवलग मित्र होते. जिल्ह्याच्या संघात जायचे तर दोघांनी मिळून जायचे, असे त्यांचे ठरलेले. बाइकेंचे बोलणे दोघांनीही मनावर घेतले. एर्मेकने मोबाइलवर ट्रायसेप्स वाढवण्याचे ढीगभर व्यायाम शोधून आणले आणि त्यातला सर्वांत चांगला कोणता यावर दोघांची रोज जुंपायची.

आधी त्यांनी हात जवळ ठेवून जोर मारले. काही आठवड्यांत ते सोपे वाटू लागले. मग गाढवाच्या गाडीच्या कडेला मागून हात टेकून खाली-वर केले. त्याने खांदे कुरकुरू लागले आणि गाढवही वैतागले. मग पिठाचे पोते डोक्यामागे धरून वर उचलण्याचा प्रयोग झाला. पोते फाटले आणि एर्मेक पांढराशुभ्र झाला. माझ्यावर गोधडी झोडपायला आलेली तिलेकची आई सायरा, जिला पोरे मानाने एजे म्हणत, पोट धरून हसली.

"काय रे एर्मेक, लग्नाआधीच केस पिकले तुझे?"

"हसा एजे, हसा. या दंडांनी मी कझान फोडणारे."

"कझान राहू दे, आधी माझं पीठ भरून दे!"

मी तिथेच उभा होतो, मित्रांनो. मला विचारले असते तर पहिल्याच दिवशी सांगितले असते. शेवटी तिलेक माझ्यावर चढला. छाती पुढे न झुकवता, कोपरे अंगालगत ठेवून तो सावकाश खाली आला आणि तितक्याच सावकाश हात सरळ करत वर गेला. खाली उतरून त्याने दंडाच्या मागे हात लावला.

"एर्मेक, इथं आग लागल्यासारखं झालंय बघ. नेमकं इथंच."

"सरक, मला बघू दे."

तेव्हापासून मी आणि पोते असे दोनच व्यायाम राहिले. बाकीची सगळी यादी निकालात निघाली. दोघे रोज यायचे. हिवाळ्यात माझे दांडे इतके गार पडत की हात चिकटायचा, तेव्हा तिलेक आपले लोकरी मोजे माझ्यावर चढवायचा. पुढे पुढे ते कमरेला दगडांची पिशवी बांधून माझ्यावर झुलू लागले. त्यांचे दंड मागून भरत गेले तसा माझा निळा रंग त्यांच्या तळव्यांनी झिजत गेला. मला त्याचे काहीच वाटत नव्हते. एर्मेक तर माझ्या खांबावर थाप मारून म्हणायचा, "उस्ताद, तुझ्यासारखा तूच." हे शब्द मी अजून विसरलो नाही.

आणि तो दिवस आला. शेजारच्या गावाशी सामना झाला. कट्ट्यापाशी तीन घोडे एर्मेकला दाबत असताना त्याचा हात दुमडला नाही. त्याने धड असे ढकलले की ते कझानाच्या मध्यात जाऊन पडले. आरडाओरडा शाळेमागे मला ऐकू आला. जिल्ह्याच्या संघाने एर्मेकला आणि तिलेकला, दोघांनाही बोलावले.

संध्याकाळी शाळेमागे जेवणावळ मांडली होती. एर्मेक आपल्या काळ्या घोड्यावरून थेट मांसाच्या वासाकडे आला. घोडा बांधायचा खुंट रस्त्यापलीकडे होता. पण तिथे गेले तर जिंकून आलेला माणूस चारचौघांत चालत येणार! त्याला घोड्यावरून सगळ्यांच्या समोर उतरायचे होते. त्याने लगाम माझ्या डाव्या दांड्याला गुंडाळला. आमच्याकडे अशी चूक करणाऱ्याला म्हातारेकोतारे फाडून खातात, पण त्या दिवशी एर्मेकला कोण बोलणार?

ढोल वाजला आणि काळा घोडा बिथरला. त्याने मान झटकून मागे जोर लावला. माझ्या पोटात करकर झाली आणि दांडा वाकला. लगामाच्या दोराखाली पाइप चेपून एक खोल खाच पडली. सगळे मांसाच्या वाटण्यांत गुंतले होते, कोणाला कोणती वाटणी यावरून हमरीतुमरी चालली होती. एर्मेक धावत आला आणि त्याने घोडा सोडला. वाकलेल्या दांड्यावरून त्याने हात फिरवला, आजूबाजूला पाहिले आणि तो खुशाल जेवायला निघून गेला.

मित्रांनो, लोखंडाला तोंड नसते याचे दुःख मला त्या रात्री पहिल्यांदा कळले.

दुसऱ्या सकाळी तिलेक नेहमीसारखा आला. पेंगुळलेलाच होता. कमरेला दगड बांधून तो खाली उतरला आणि वाकलेल्या जागी त्याचा हात घसरला. सगळा भार एका खांद्यावर आला. त्याची किंकाळी ऐकून सायरा एजे डोक्याला रुमाल बांधायचेही विसरून अनवाणी धावत आली.

त्याचा खांदा बसवला, पण हात पुन्हा पुरता सरळ झाला नाही. जिल्ह्याच्या संघातली त्याची जागा गेली. गाव जमले तेव्हा सायरा एजे माझ्याकडे बोट दाखवून रडत होती. "यानं माझ्या पोराचा हात खाल्ला! उपटून टाका याला!"

जुमाश बाइके वाकून दांडा बघत होते. ते पुटपुटले, "माझं वेल्डिंग असं वाकणार नाही. याला काहीतरी जोराचा हिसका बसलाय."

सगळ्यांनी एर्मेककडे पाहिले. आता तो बोलणार, अशी माझी खात्री होती. दोन हिवाळे मी त्याला अंगाखांद्यावर खेळवले होते.

"बाइके, राग मानू नका," एर्मेक म्हणाला, "पण हा जुनाट पाइप. शहरातले लोक सांगतात, डबलबार खांद्याची वाट लावतो. मी तर दंड पोत्यावरच कमावले. यावर मी फारसा चढलोच नाही."

फारसा चढलोच नाही! माझा रंग त्याच्या तळव्यांना लागून गेला होता, मित्रांनो. पण जिंकून आलेल्याला खोटे कोण पाडणार? टोपी नीट करून जुमाश बाइके घरी गेले आणि त्यानंतर त्यांनी वेल्डिंगच्या सामानाला हात लावला नाही.

मला काढायलाही अशारच बोलावला. ज्यांनी पाइप आणला त्यांनीच करवत आणली. चहा होता, बोर्सोकही होते. उजवा दांडा कोणाच्या तरी गोठ्यात गेला. डावा, तो वाकलेलाच, मैदानाच्या कडेला आडवा ठोकला. घोडे बांधायला.

परवा सामना होता. एर्मेक आता मोठा खेळाडू झाला आहे. पाहुण्यांनी मोबाइल त्याच्या तोंडासमोर धरला होता. "एवढे दंड कसे कमावले, सांगा ना! सर्वांत चांगला व्यायाम कोणता?" तो शहरातल्या यंत्रांची नावे सांगत होता. लोक माना डोलवत होते.

त्याचा काळा घोडा तिलेकने धरला होता. आता तो सामन्यात घोडेच सांभाळतो. त्याने लगाम माझ्याभोवती गुंडाळला, तेवढ्यात ढोल वाजला. घोड्याने मान झटकून मागे जोर लावला, अगदी तसाच. दोर सरकला आणि जुन्या खाचेत जाऊन चपखल बसला.

तिलेक थबकला. त्याने खाचेवर बोट फिरवले. मग आपला वाकडा हात उचलून त्याच जागी तळवा ठेवला, जसा त्या सकाळी ठेवला होता. मग त्याने काळ्या घोड्याकडे पाहिले आणि तिथून एर्मेककडे.

"तिलेक, चल ना, घोडा आण!" एर्मेकने हाक मारली.

तिलेक घोडा घेऊन गेला नाही. त्याने विचारले, "त्या दिवशी जेवणावळीत तुझा घोडा कुठं बांधला होतास रे?"

"कुठल्या दिवशी?"

"तुला माहितीये."

एर्मेकने मोबाइल धरलेल्या लोकांकडे पाहिले. "उशीर होतोय. नंतर बोलू."

तिलेकने लगाम सोडला आणि भर मैदानात त्याच्या हातात दिला. "तुझा घोडा तूच धर. मी जुमाश बाइकेंकडे चाललोय. त्यांना सांगायचंय, त्यांचं वेल्डिंग पक्कं होतं."

तो गेला. एर्मेकचा तो भरल्या दंडाचा हात लगाम धरून तसाच लोंबत राहिला.

मित्रांनो, तुमच्याही गावात, शाळेत, बागेत माझे भाऊबंद उभे असतील. त्यांच्यावर चढा, हात बळकट करा, आमचा रंग झिजू द्या. पण घोडा घोड्याच्या खुंटालाच बांधा. आणि चुकून आमच्यावर बांधलात आणि आम्ही वाकलो, तर निदान दुसऱ्या सकाळी जो आधी येणार आहे त्याला हाक मारून सांगा.