बाकामागचं कडं

त्या वर्षी आमच्या अंगणातल्या पेरूला जशी फळं धरली तशी पूर्वी कधी धरली नव्हती. एकेक फळ मुठीत मावेना. मी वहीत नोंदही केली: "यंदा आकार दीडपट, गोडी जास्त. कारण कळत नाही." चौतीस वर्षं कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या माणसाने लिहिलेलं हे वाक्य आहे. ते पान फाडून टाकावं असं पुष्कळदा वाटलं, पण हात धजला नाही.

पेरूच्या बुंध्याभोवती गोल बाक होतं, पाठीला फळी असलेलं. ते खारीने करून घेतलं होतं. खार म्हणजे माझी पुतणी. लहानपणी दिवसभर त्याच पेरूवर मुक्काम असायचा, म्हणून मी ठेवलेलं नाव. माझा भाऊ गेल्यावर ती आणि तिचा नवरा वरच्या मजल्यावर राहायला आले. मी खाली एकटा. मी शिकवत असे त्याच कॉलेजात, तोच विषय आता ती शिकवते. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत वस्तरा धरणारा असा हात दुसरा झाला नाही. देठाची चकती ती इतकी पातळ कापायची की छापील कागदावर ठेवली तर खालची अक्षरं वाचता यावीत.

तिला घरी शिकवणीसाठी एक खोली बांधायची होती, आणि जागा होती ती पेरूचीच. जिवंत झाड तोडायला नगरपालिका परवानगी देत नव्हती, घरातल्या सगळ्यांची सही असली तरच विचार व्हायचा. तिने तीनदा विचारलं, मी तीनदा नाही म्हणालो. वाळलेल्या झाडाला मात्र सही लागत नव्हती. तिसऱ्या खेपेला ती हसून म्हणाली, "बरं बाबा, तुमचा पेरू तुम्हाला लखलाभ," आणि विषय संपला. निदान मला तसं वाटलं.

मग महिन्याभराने बाक आलं.

"काका, खुर्चीत वाकून वाचता आणि मग पाठ धरून बसता. झाडाला टेकून वाचा. उद्या सुतार येतोय."

"अगं, मला कशाला हे थाट?"

"तुमच्यासाठी कोण करतंय? झाडाला सोबत म्हणून करतेय. आता तरी गप्प बसाल ना?"

त्यानंतर वर्षभर मी रोज दुपारी त्या बाकावर वाचत बसलो, बुंध्याला पाठ लावून. दर रविवारी ती खाली वाकून बाकाखालचा पालापाचोळा झाडून काढायची. मी शेजाऱ्यांना कौतुकाने सांगायचो.

एका दुपारी माझी पेन्सिल बाकाच्या पाठीमागच्या फटीत पडली. मी दोन बोटं आत घातली. पेन्सिल लागली नाही. बोटं एका खोबणीत बसली. अगदी मापात बसली. बोटं फिरवली तर खोबण पुढे पुढे जातच राहिली.

स्क्रू काढून मी पाठीची फळी बाजूला केली. बुंध्याभोवती पूर्ण कडं होतं, साल काढलेलं. घुशीने कुरतडलं असेल, असं मी क्षणभर स्वतःला सांगून पाहिलं. पण दातांच्या खुणा नव्हत्या. दोन्ही काठ सरळ, आतलं लाकूड खरवडून स्वच्छ केलेलं. वरचा काठ फुगून जाड झाला होता आणि खालचा सुकला होता. हीच आकृती मी फळ्यावर किती वेळा काढली असेल!

आणि मग मला आठवलं. बाक येण्याच्या आधी एकदा जेवताना तिने विचारलं होतं, "काका, उद्या वर्गात कड्याचा प्रयोग आहे. साल किती रुंद काढायची?"

"दोन बोटं. कमी काढलीस तर झाड जखम सांधून घेतं. आणि साल निघाली की खालचा बुळबुळीत थर सुरीच्या पाठीने खरवड. नवी साल त्यातूनच येते."

"झाडाला कळतं कधी?"

मी ताट बाजूला सारून लाल-निळ्या पेन्सिलीने काढून दाखवलं होतं. निळ्या जलवाहिन्या लाकडात. त्यांतून पाणी वर जातच राहतं, म्हणून पानं हिरवीगार दिसतात. लाल रसवाहिन्या सालीत; पानांनी केलेली साखर त्यांतून मुळांकडे जाते, ती कड्यापाशी अडते. मुळं उपाशी मरतात, पण सावकाश. एवढं सांगितलं, आणि अडलेली साखर वरच्या फळांत उतरते हे सांगायचं राहिलं. ते त्या वर्षी पेरूने सांगितलं, आणि मी लिहिलं, कारण कळत नाही.

एकच आशा होती. कड्यावरून डहाळ्यांचे पूल बांधून वरची आणि खालची साल जोडता येते. पण मुळांत काही शिल्लक असेल तरच. मी पेन्सिलीएवढं एक मूळ उकरून काढलं, त्याच्या चकत्या कापल्या, काचपट्टीवर आयोडीन टाकलं. मुळात साठा असला की स्टार्चचे कण निळे-काळे होतात. सूक्ष्मदर्शकाखाली मला सगळं पिवळट दिसत होतं. पण माझ्या डोळ्यांचा आणि माझा भरवसा काय!

संध्याकाळी खार कॉलेजातून आली.

"हे काय, फळी का काढलीत? विंचूबिंचू निघाला का?"

मी कड्यात दोन बोटं ठेवली. तिने पर्स बाकावर ठेवली.

"शिकवणीची बारा मुलं जिन्यात बसतात, काका. तुम्ही रोज बघता."

"चौथ्यांदा विचारायचंस."

"हो म्हणाला असतात?"

"नाही. पण भांडलो असतो. समोरासमोर."

"तुमच्याशी भांडता येतं का कुणाला? तुम्ही पुस्तक उघडून बसता."

मी विचारलं, "खालून फुटवे आले असतील ना? पेरूला येतातच. त्यांच्यावर मुळं जगली असती."

"आले. काढत गेले." ती थांबली. "रविवारी."

मी तिला टेबलाशी नेलं. "बघ."

"आयोडीन किती वेळ ठेवलंय?"

"दहा मिनिटं."

ती वाकली. उजेड नीट केला, पट्टी सरकवली, दुसरी चकती पाहिली, तिसरी पाहिली. ती खोटं बोलेल का, आणि बोलली तर मला आवडेल का, हे मला ठरवता येईना.

"स्टार्च नाही, काका."

"एखादा कण?"

ती पुन्हा वाकली. खूप वेळ पाहत राहिली. "एकही नाही."

"बरोबर," मी म्हणालो. तिच्या शब्दावर माझा लगेच विश्वास बसला होता, आणि मला सर्वांत जास्त तेच लागलं.

खिडकीबाहेर पेरू फळांनी वाकला होता. पानं हिरवीगार. ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"फळी परत लावून देऊ?"

"नको," मी म्हणालो. "मुलं जिन्यात बसतात ना, त्यांना तिथून कडं नीट दिसेल."