पाठ केलेला तक्ता

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे, पण माझ्यापुढे उभं राहून कुणी भांग पाडत नाही. माझ्यात बघून माणसं अक्षरं वाचतात!

कारखान्यात माझ्या पाठीला चंदेरी लेप लागला, तेव्हा वाटलं होतं, आपण एखाद्या नटीच्या खोलीत जाणार. आलो चष्म्याच्या दुकानात! दुकान एवढंसं, डोळे तपासायचा तक्ता लांबून वाचायला जागाच नाही. म्हणून चष्मेवाल्या काकांनी तक्ता खुर्चीच्या मागे टांगला आणि मला समोर लावलं. तक्त्यावरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली, माझ्यात ती सुलटी होतात. पूर्वी त्या खुर्चीत पांढऱ्या केसांची माणसं बसायची. आता पाय जमिनीला न टेकणारी मुलं बसतात. माझा एक कोपरा काळा पडलाय आणि कौतुक शेजारच्या नव्या यंत्राचं होतं, पण त्या दिवशी काय घडलं ते ऐकाच!

एक मुलगी आईबरोबर आली. फुटबॉलच्या गोलात अशी उभी राहायची की मैदानावर सगळे तिला 'कुलूप' म्हणत. पण वर्षभर शाळेचे तास टॅबवर झाले, उरलेला वेळही त्यातच गेला आणि हल्ली बॉल अगदी जवळ आल्यावरच दिसायचा. रविवारी मोठी मॅच होती.

"चष्मेवालीला गोलात कोण उभं करणार? मला नकोच नंबर!" ती आईवर फणफणली. काका भिंगं पुसत होते, तेवढ्यात ती तक्त्याजवळ गेली आणि शेवटची ओळ पुटपुटत घोकली. मला सगळं दिसत होतं!

खुर्चीत बसल्यावर तिने ऐटीत म्हटलं, "प, ट, ल, र, म!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्यात ओळ होती: म, र, ल, ट, प. ते खो खो हसले. "अगं, तू मागचा तक्ता पाठ केलास! वाचायचं होतं आरशातलं!"

पितळ उघडं पडलं. बिचारीचे डोळे भरून आले. काकांनी हळूच तिच्या नाकावर चाचणीची चौकट ठेवली आणि एकेक भिंग घातलं. एकदम ती ओरडली, "आई, तू मागून हात हलवतेयस!"

"मॅचलाही हलवते गं. तू बघतच नाहीस."

"मला दिसायचंच नाही!" आईने धावत येऊन तिला मिठी मारली. तेव्हा माझ्यात दोघी मावेनात आणि माझा आनंदही मावेना!

काका म्हणाले, "पट्टा लावलेला चष्मा घाल नि खुशाल खेळ. आणि रोज उजेडात, मोकळ्यावर हुंदड."

सोमवारी ती दारातूनच किंचाळली, "काका, पेनल्टी अडवली! आणि आईसुद्धा दिसली!" मी भिंतीवरून पडायचाच राहिलो.

तेव्हा मित्रांनो, पडद्यावरचा धडा संपला की बाहेर पळा, लांबवर बघा. आणि काही धूसर दिसलं तर खुशाल सांगा, "मला दिसत नाही." माझ्यापुढे पाठांतराला मार्क नाहीत.