सोमवारचा मिस्सा

चर्चमागच्या खोलीत ओडीलने चष्मा लावून सूचनांचा कागद वाचला आणि तो पुन्हा फादर मिशोंपुढे धरला.

"शनिवारी एक जानेवारीचा सण. इथं मिस्साच्या प्रार्थनेला हजेरी बंधनकारक लिहिलंय."

"हो. मग?" फादर झगा चढवत होते.

"सण शनिवारी किंवा सोमवारी आला की बंधन उठतं. लागून रविवार असतो म्हणून. बिशपांनीच ठरवलंय ना ते?"

फादरांचे हात बाहीतच थांबले. "कुणी सांगितलं?"

"बहिणीनं. तिकडं लुइस्टन शहरात त्यांच्या फादरांनी माइकवरून सांगितलं होतं. ऑक्टोबरातच."

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ओडीलने याच चर्चमध्ये असाच कागद वाचला होता. उद्या सोमवार, सर्व संतांचा सण, सकाळी नऊला मिस्सा, हजेरी बंधनकारक. वीस वर्षं सूचना तीच वाचत होती आणि तिच्या आवाजावर गावाचा भरवसा होता. घरी नवरा, ल्युसियन, अंथरुणाला खिळला होता. आज-उद्या, असं नर्स म्हणून गेली होती.

सोमवारी तिने दोनदा कोट घातला, दोनदा काढला. शेवटी ल्युसियनच म्हणाला, "जा गं. काल गावाला सांगून आलीस आणि आता स्वतःच दांडी मारणार? माझ्यापायी तुझ्या माथी पाप नको."

ती परतली तेव्हा सव्वादहा झाले होते. पलंगाला लावलेल्या तिच्या खुर्चीवर ल्युसियनचा हात पडला होता. तो गार होता.

"आजाऱ्यापाशी थांबायला तर कधीच मनाई नव्हती," फादर हळू आवाजात म्हणाले. "विचारायचंत."

"विचारलं होतं. त्या रविवारी, याच खोलीत. तुम्ही म्हणालात, तासाभराचा तर प्रश्न आहे."

फादर खिडकीबाहेर बर्फाखाली गेलेल्या बटाट्याच्या शेतांकडे बघत राहिले.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "पण त्या सोमवारी बिशपांचा माणूस डोकी मोजायला येणार होता. बाकं रिकामी दिसली असती तर आपलं चर्च बंद झालं असतं. तुम्ही आलात की तुमच्यामागं पन्नास जण येतात, ओडीलबाई. मी चर्च वाचवत होतो."

ओडीलला आरडाओरडा करावासा वाटला. या माणसाने तिचा नवरा नेला नव्हता, नवऱ्याचा शेवटचा तास मात्र नेला होता, तोही तिच्याच तोंडून वदवून घेऊन. तिने कागद उचलला आणि ती बाहेर गेली.

मिस्सापूर्वी तिने सगळ्या सूचना नेहमीसारख्या वाचल्या. शेवटच्या ओळीपाशी ती थांबली.

"शनिवारी, एक जानेवारीला, सकाळी नऊला मिस्सा. यायचं बंधन नाही. ज्यांच्या घरी वडील आहेत, त्यांनी रीतीप्रमाणे त्यांच्याकडून नव्या वर्षाचा आशीर्वाद सावकाश घ्यावा." तिने चष्मा काढला. "एक नोव्हेंबरलाही बंधन नव्हतं. तेव्हा मी वाचलं ते खोटं होतं."

ओडील खाली उतरली आणि पहिल्या बाकावर, ल्युसियनच्या जागी बसली.

पवित्र भाकर घ्यायला रांग लागली आणि सरली. फादर मिशो ताटली घेऊन स्वतःच तिच्या बाकापाशी आले. भाकर धरलेला त्यांचा हात बराच वेळ पुढे होता.

ओडील बसूनच राहिली.