चमकलं ते फडकं

शेंदूरजनाघाटच्या बाजारामागच्या मांडवात बायांची दाटी झाली होती. आत अंधार करून तेजनाथ महाराज एकेकीच्या ओटीपोटावर पांढरं फडकं ठेवत आणि वर जांभळा दिवा धरत. फडक्यावर निळे डाग पेटल्यासारखे चमकत.

"हा तुह्या कुशीतला रोग, माय. गोळीले नाही भीत, नामाले भीते."

मग मंत्र, फुंकर, नवं फडकं. पुन्हा दिवा. डाग गायब. बाया हात जोडत.

केशरबाईचाही रोग असाच 'गेला' होता. ती संत्र्याच्या वखारीत फळं निवडायची. नवरा वारलेला, घरात दुसरं कोणी नाही. अंगावरून पांढरं जाई, वास येई, म्हणून ती आपणहूनच दूर टोकाला बसे, भाकरही एकटीच खाई. महाराजांनंतरही वास राहिला. आपलीच भक्ती कमी पडली असं समजून ती आणखीच गप्प झाली.

पुढे गावात बायांच्या तपासणीचं शिबिर लागलं, तेव्हा धीर करून गेली. पण अमरावतीच्या डॉक्टर अमरीन यांच्या हातात उजेडाची कांडी दिसताच ती उठली. "हे झालं माह्यं. महाराजानं पाह्यलं."

डॉक्टरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. शेजारच्या दुकानातून नोटा तपासायचा तसाच जांभळा दिवा मागवला. कोऱ्या मांजरपाटाच्या एका कोपऱ्याला धुण्याच्या पावडरीचं पाणी लावून वाळवलं. खोलीत अंधार केला. तो कोपरा निळा चमकला.

"पावडरीत कपडे उजळ दिसायचं औषध असते, मावशी. ते या दिव्यात चमकते. महाराजाचं पहिलं फडकं असं पावडर लावलेलं, दुसरं कोरं असते, बस."

"मंग माह्या पोटात काय हाये, त्यानं पाह्यलंच नाही?"

"कोणीच नाही पाहिलं."

केशरबाई परत फिरली. मग तपासणीच्या टेबलावर आडवी झाली.

"या कांडीचा उजेड गर्भपिशवीच्या तोंडावर पडून परत येते. चांगल्या जागेवरून वेगळा, बिघडलेल्या जागेवरून वेगळा. यंत्र तो फरक मोजते. पण यंत्रावरही डोळे मिटून भरोसा नको. शंका आली तर तुकडा काढून तपासू."

शंका आली. तुकडा तपासला. पेशी बिघडू लागल्या होत्या, कर्करोग झाला नव्हता. केशरबाई एकटीच एसटीनं अमरावतीला गेली, उपचार घेऊन एकटीच परतली.

पुढच्या बाजारी ती मांडवात उभी राहिली. "महाराज, दिवा आधी नुसत्या फडक्यावर धरा. पोटावर ठेवू नका."

महाराज मंत्र पुटपुटू लागले. केशरबाईनं दिवा उचलून फडक्यांच्या गठ्ठ्यावर धरला. अर्धी फडकी चमकली.

"बायांनो, रोग या गठ्ठ्यात नाही. तो आपल्या अंगात असते, अन् डॉक्टरले लवकर दाखवला तं बरा होते. लाजून कोपऱ्यात बसू नका. मी बसली होती."

काही बाया तोंड फिरवून बसल्या. काही उठल्या आणि तिच्या मागोमाग बाहेर पडल्या.